फुरशावरचं नवं औषध कुठवर आलंय?

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमची राजापूर तालुक्यात हापूसची कलमं आहेत. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर बागेत बेणणी चालू होती, तेव्हा गडग्यापाशी ह्यांना पान लागलं. फुरसं होतं. ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे इंजेक्शनच्या बाटल्या लावल्या. ते चालू असतानाच अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, डॉक्टरांची धावपळ झाली. देवाच्या कृपेने वाचले. आता पुण्याच्या पुतण्याने मोबाइलवर बातम्या पाठवल्यात. एकीत लिहिलंय की संगणकाने सर्पविषावर औषध तयार केलं. दुसरीत म्हटलंय की अमेरिकेतल्या एका माणसाच्या रक्तातून सगळ्या सापांवर एकच उतारा निघाला. तेव्हापासून ह्यांचं एकच, 'ते घोड्याचं इंजेक्शन मी पुन्हा घेणार नाही, नवी गोळी मागवून घरात ठेवू.' मामंजी म्हणतात, गोळी येईपर्यंत गावात विष उतरवणारे आहेतच. खरं काय ते सांगा. गोळी कुठे मिळते? मुलगी नववीत आहे, तिचा वेगळाच प्रश्न: औषध नागावर चालतं तर फुरशावर का चालत नाही, दोन्ही सापच ना?

– एक वाचक, राजापूर तालुका

ताई,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. फुरशाच्या विषावर म्हणून मान्यता मिळालेली गोळी आज कुठेच विकत मिळत नाही. इंटरनेटवर कुणी विकत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. यजमानांना पुन्हा कधी पान लागलंच, तर सरकारी रुग्णालयातलं तेच इंजेक्शन घ्यायचं आणि गेल्या खेपेपेक्षा लवकर पोचायचं. मागच्या वेळी रिअ‍ॅक्शन आली म्हणून ते नाकारायचं नाही. आणि मामंजींना मी हात जोडून सांगते, विष उतरवणाऱ्याच्या अंगणात गेलेला अर्धा तास डॉक्टरला भरून काढता येत नाही.

आता बातम्यांचं. दोन्ही खऱ्या आहेत. मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्या वाचून मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही. पण दोन्ही नागाच्या कुळातल्या सापांबद्दल आहेत आणि तुमच्या बागेतलं फुरसं त्या कुळातलं नाही. बातमीला 'सर्पविषावर औषध' असा सरसकट मथळा दिला, सगळा घोळ तिथे झाला. तुमच्या मुलीने नेमकं त्याच जागी बोट ठेवलंय, म्हणून तिच्या प्रश्नापासूनच सुरू करते. पत्राचा हा भाग तिला वाचायला द्या.

विष हा एक पदार्थ नसतो. एकेका सापाच्या विषात वेगवेगळी अनेक प्रथिनं एकत्र असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्लं 20 प्रकारची. ती कोणत्या क्रमाने गुंफली आहेत त्यावर साखळीची घडी कशी पडणार ते ठरतं, आणि त्या घडीच्या आकारावरून ते प्रथिन शरीरात कशाला जाऊन चिकटणार ते ठरतं. आपल्या ताटातल्या डाळीचं प्रथिन आणि नागाच्या विषातलं प्रथिन याच 20 आम्लांचं बनलेलं असतं. फरक सगळा क्रमाचा आणि घडीचा.

नागाच्या विषात जी प्रथिनं जीव घेतात त्यांतल्या मोठ्या घराण्याला 'थ्री-फिंगर टॉक्सिन' म्हणतात. जेमतेम 60 ते 75 आम्लांची साखळी, आणि तिची तीन वेटोळी बोटांसारखी पुढे आलेली. आपण हात हलवतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसतं. ते बसलं की स्नायू आखडतो. नागाचं हे प्रथिन ती जागाच अडवून धरतं. मज्जातंतूकडून निरोप सुटत राहतो, स्नायूपर्यंत तो पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असूनही श्वास घेऊ शकत नाही.

फुरशाचं काम निराळंच आहे. त्याच्या विषात मेटॅलोप्रोटीनेज जातीची विकरं भरपूर असतात. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. या विकरांच्या ऐन मध्यावर जस्ताचा एक अणू असतो, आणि त्याच्या जोरावर ती दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीही ती कुरतडतात. त्यांतलं एक विकर फुरशातच प्रथम सापडलं. फुरशाच्या शास्त्रीय नावात 'एकिस' आहे, म्हणून त्याचं नाव इकॅरिन. आपल्या रक्तात प्रोथ्रोम्बिन नावाचं प्रथिन निजलेलं असतं. जखम झाली की शरीर त्याला जागं करतं आणि रक्त गोठतं. इकॅरिन त्याला विनाकारण जागं करतं. मग अंगभर बारीक बारीक गोठण सुरू होते आणि त्यात गोठण्याचं सगळं सामान खर्ची पडतं. घरातली पावसाळ्याची बेगमी कुणी मिरगाआधीच उधळून टाकावी तसं होतं. मग खरी गरज पडते तेव्हा शिल्लक काही नसतं. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं आणि थांबत नाही.

यजमानांना दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली असेल, आठवून पाहा. शिरेतून थोडं रक्त, साधारण दोन मिलिलिटर, काचेच्या नळीत घेतात आणि नळी न हलवता 20 मिनिटं तशीच उभी ठेवतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. नळी नवी आणि कोरडी हवी. साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकतं. 20 मिनिटांनी नळी हळूच आडवी करतात. निरोगी माणसाच्या रक्ताचा गोळा तळाशी घट्ट बसलेला असतो. फुरशाचं विष भिनलेलं असेल तर रक्त पाण्यासारखं नळीच्या तोंडाकडे धावतं. या एका नळीवरून इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं, आणि दिल्यावर सहा तासांनी आणखी द्यायचं का तेही. मोठमोठ्या यंत्रांच्या जमान्यात एखाद्या आडगावच्या रुग्णालयात ही तपासणी होते आणि जीव वाचवते, याचं मला फार अप्रूप आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. नागाच्या प्रथिनाला धरून ठेवणारं औषध त्या तीन बोटांच्या आकाराला बेतलेलं असतं. फुरशाच्या विषातल्या जस्तवाल्या विकराचा आकारच वेगळा, त्यामुळे ते औषध त्याला धरूच शकत नाही. साप दोन्ही, पण रसायन दोन.

आता संगणकाची बातमी. मी शिकवत होते तेव्हा एका प्रथिनाची घडी कशी आहे ते शोधून काढण्यात संशोधकाची उमेदीची वर्षं जायची. 2020 साली अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीने आम्लांच्या क्रमावरून घडीचा अंदाज इतका अचूक बांधून दाखवला की आमचं क्षेत्रच पालटून गेलं. 2022 पर्यंत 20 कोटींच्या वर प्रथिनांचे अंदाजित आकार जगाला फुकट खुले झाले. त्याच वेळी अमेरिकेत सिएटलला डेव्हिड बेकर यांची प्रयोगशाळा उलटी वाट चालत होती. आपल्याला हवा तो आकार आधी ठरवायचा आणि तो देणारी साखळी संगणकाकडून लिहून घ्यायची. निसर्गात कधीच नव्हती अशी प्रथिनं! 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोन्ही कामांना मिळून मिळालं: अर्धं बेकर यांना, आणि अर्धं अल्फाफोल्डच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना.

पुतण्याची बातमी बेकर यांच्याच प्रयोगशाळेतली. सुझाना वास्केझ तोरेस आणि डेन्मार्कमधल्या सहकाऱ्यांनी थ्री-फिंगर टॉक्सिनच्या कडेला अचूक बिलगतील अशी छोटी प्रथिनं संगणकावर आखली आणि ती प्रयोगशाळेत बनवून घेतली. जानेवारी 2025 मध्ये ते संशोधन 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. जीवघेणं विष दिलेल्या उंदरांना ही प्रथिनं दिली तेव्हा कोणतं विष आणि किती मात्रा यानुसार 80 ते 100 टक्के उंदीर वाचले. ही प्रथिनं उष्णतेला टिकतात आणि सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतात, घोडा लागत नाही. हे खरोखर मोठं काम आहे. पण बातमीत न आलेली गोष्ट अशी की तिथे विषातली निवडक प्रथिनं वापरली होती. साप चावतो तेव्हा अख्खं मिश्रण अंगात जातं. आणि उंदीर हा शेवटी उंदीर.

दुसरी बातमी टिम फ्रीडी यांची. या अमेरिकन गृहस्थांनी जवळजवळ 18 वर्षं स्वतःला जहाल सापांचं विष थोडं थोडं वाढवत टोचून घेतलं, वर सापांकडून मुद्दाम चावूनही घेतलं. त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे परक्या पदार्थाला धरण्यासाठी शरीर बनवतं त्या प्रथिनांपैकी, दोन निवडून आणि जोडीला व्हॅरेस्प्लाडिब नावाचं रसायन घालून संशोधकांनी मिश्रण तयार केलं. मे 2025 मध्ये 'सेल' या नियतकालिकात ते छापून आलं. नागाच्या कुळातल्या 19 जातींच्या विषावर ते उंदरांत तपासलं. 13 जातींच्या विषापासून पूर्ण संरक्षण मिळालं, उरलेल्या सहांपासून अर्धवट. 'सगळ्या सापांवर एकच उतारा' कुठून आला ते तुम्हाला आता कळलं असेल. त्या 19 मध्ये फुरसं नाही, घोणस नाही. आणि एक विनंती, वाडीतल्या कुणा धाडसी पोराच्या डोक्यात असलं काही घ्यायचं वेड शिरू देऊ नका. त्या माणसाचाही जीव यात जाता जाता राहिलेला आहे.

आपल्याकडच्या एका कामाची बातमी मात्र पुतण्याने पाठवली नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा आहे. तिने आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने मिळून एक कृत्रिम मानवी प्रतिपिंड तयार केलं. ते फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालं. तेही नागाच्या कुळातल्या विषावरच आहे, पण मला त्यातला 'मानवी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. यजमानांच्या अंगावर गांधी उठल्या त्या घोड्याच्या प्रथिनांमुळे. प्रतिपिंड माणसाच्या धर्तीचं असलं तर शरीर ते परकं मानण्याची शक्यता बरीच कमी. याच प्रयोगशाळेने घोणशीच्या विषावरही काम केलंय आणि दाखवलंय की देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींचं विष सारखं नसतं, हवामानाप्रमाणे त्यातली विकरं कमीजास्त होतात. म्हणून पुढची औषधं करताना आपल्या मुलखातल्या सापांचं विष तपासणं फार गरजेचं आहे.

मग फुरशासाठी काहीच चाललेलं नाही का? चाललंय, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त आशा वाटते, कारण त्यात गोळीची शक्यता आहे. जस्ताचा अणू काढून घेतला तर ते विकर लुळं पडतं, हे मूळ सूत्र. पारा किंवा आर्सेनिकची विषबाधा झालेल्यांना देतात ते डीएमपीएस नावाचं जुनं औषध धातूला पकडतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या गटाने 2020 मध्ये ते फुरशाच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाच्या विषावर उंदरांत वापरून पाहिलं. विष दिल्यावर लगेच तोंडाने डीएमपीएस आणि नंतर उशिराने प्रतिविष, म्हणजे विषावरचं नेहमीचं इंजेक्शन, असं दिल्यावर उंदीर वाचले. म्हणजे वाडीपासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर विषाला थोपवून धरायचं औषध. पुढे केनियात निरोगी स्वयंसेवकांना ते देऊन मात्रा आणि सुरक्षितता तपासली गेली. फुरसं चावलेल्या माणसांत ते उपयोगी पडतं हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

व्हॅरेस्प्लाडिबच्या गोळीची तर भारतात आणि अमेरिकेत साप चावलेल्या माणसांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारासोबत गोळी दिली होती, त्याऐवजी नाही, हे यजमानांना मुद्दाम सांगा. ठरवलेल्या मुख्य कसोटीवर गोळीने फरक दाखवला नाही. ज्यांना ती पहिल्या काही तासांत मिळाली त्यांच्यात थोडा फायदा दिसला. असा निकाल लागला की संशोधक निराश होऊन सोडून देत नाहीत, पुढची चाचणी नीट आखतात. पण त्यावरून 'गोळी आली' असं म्हणता येत नाही.

जुन्या औषधाने नवा चमत्कार होतो हे कोकणाला कुणी शिकवायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव मामंजींना नक्की ठाऊक असेल. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, हृदयावर भयंकर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. एके काळी विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं यातच दगावायची. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून हे सगळं टिपलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्या लोंढ्याला आवर घालते हे 1980 च्या दशकात दाखवून दिलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर वापरलं गेलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळीवर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही, ताई. ती आधी अशी माणसांत, आजारी माणसाच्या उशाशी, पारखली गेलेली असावी एवढंच माझं म्हणणं.

फुरशाचंही एक चांगलं मुलीला सांगा. त्याच्या विषातल्या एकिस्टॅटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचा अभ्यास करून टिरोफिबान हे औषध बेतलं गेलं. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते देतात.

आता घोड्याच्या इंजेक्शनबद्दल. पद्धत 1890 च्या दशकातली, फ्रान्समध्ये सुरू झालेली. घोड्याला विषाच्या सोसतील अशा मात्रा देतात, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि पेप्सिन या विकराने त्यांचा नको असलेला भाग छाटून टाकतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच बनवलेलं असतं. त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाही. घाटाच्या पायथ्याला दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर मात्र ते काम करत नाही. बाटलीत कोरडी भुकटी असते. सिस्टर तीत पाणी घालून बाटली नुसती हातात गोल गोल फिरवत राहतात ते पाहिलं असेल. जोरात हलवली तर फेस होतो आणि प्रथिनं बिघडतात, म्हणून घाई करता येत नाही. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही आणि औषधाची मात्रा विषाच्या हिशेबाने असते.

घोड्याच्या रक्तात त्याला आयुष्यात भेटलेल्या सगळ्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असतात. बाटलीतला बराच भाग त्यांचा, विषाशी त्याचा संबंध नसतो. एवढी परकी प्रथिनं एकदम शिरेतून गेल्यावर काही जणांचं शरीर बिथरतं. गांधी, थंडी, धाप, रक्तदाब उतरणं हे सगळं त्यातलंच. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच देतात आणि स्थिती सावरली की प्रतिविष पुन्हा चालू करतात. डॉक्टरांची जी धावपळ तुम्ही पाहिलीत, तो उपचारच होता, आणि तो व्यवस्थित झाला म्हणूनच यजमान आज वाद घालायला घरी आहेत. विष भिनल्याची चिन्हं असतील तर आधीची रिअ‍ॅक्शन असूनही प्रतिविष देतात, कारण त्याला दुसरा पर्याय नाही. डॉक्टरांना ती गोष्ट आधी माहीत असली की ते ॲड्रेनलिन भरून तयार ठेवतात. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगाला खाज असं काही झालं तर तेही याच प्रथिनांमुळे असू शकतं. त्यावर औषध आहे, पुन्हा दाखवायला जायचं.

मामंजींच्या मनात जी श्रद्धा आहे तिची मी चेष्टा करणार नाही. विष उतरवणाऱ्याकडे जाऊन बरी झालेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं कुठेही नेली तरी वाचली असती. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय त्याला तिथे बसवून ठेवलं तर प्रतिविष पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मज्जातंतूला किंवा मूत्रपिंडाला झालेली इजा प्रतिविषाला भरून काढता येत नाही. ते फक्त रक्तात फिरणारं विष धरतं, म्हणून लवकर जायचं. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे दरवर्षी सरासरी 58 हजार. शेतातली, बागेतली, खेड्यातली माणसं. मला हा आकडा सहन होत नाही, कारण यातले कितीतरी जीव वाचण्यासारखे होते.

तेव्हा यजमानांना आणि बागेतल्या गड्यांना एवढं पक्कं सांगून ठेवा. पान लागलं की पळायचं नाही, सापाच्या मागे लागायचं नाही. जोडवी, पैंजण, अंगठ्या, घड्याळ काढायचं, सूज आली की ती रुततात. चावलेला पाय फळीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवायचा. करकचून दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, पाला नाही, बर्फ नाही. 108 ला फोन करायचा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघायचं. रात्रीचं म्हणाल तर मण्यार, आपली कांडर, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि अनेकदा खूणही दिसत नाही की दुखतही नाही. पहाटे कुणाच्या पोटात कळा येऊ लागल्या, पापण्या मिटू लागल्या तर ते अपचन समजून ओवा देत बसू नका. अंथरुणाखाली कडा खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा चांगला उपाय. बेणणीला गमबूट घाला, गडग्याचे दगड हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. चिऱ्याखाली, पाल्यात फुरसं वेटोळं घालून बसलेलं डोळ्यांना दिसत नाही.

पुढची बातमी पुतण्याने पाठवली की त्याला विचारा: कोणत्या कुळातल्या सापाचं विष होतं, उंदीर होते की माणसं, आणि औषध विष अंगात गेल्यावर दिलं की आधीच विषात मिसळून? तो हुशार आहे, मूळ लेख उघडून बघेल. मुलीलाही त्याच्याबरोबर बसवा.

आणि या वर्षीची बेणणी सुरू व्हायच्या आधी एक काम करा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविषाच्या बाटल्या आहेत का आणि रात्री डॉक्टर असतात का ते विचारून घ्या. नसतील तर कोणत्या रुग्णालयात जायचं ते आत्ताच ठरवा, तिथला नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला. गेल्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा, त्यावर रिअ‍ॅक्शनची नोंद नसेल तर रुग्णालयातून करून आणा, आणि त्याची एक प्रत यजमानांच्या पाकिटात ठेवा.